बिअर गाळत नाहीत, आंबवतात

मराठीत दारू 'गाळली' जाते, आणि या एका क्रियापदाने बराच गोंधळ केला आहे. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात राहणारा माझा भाचा घरच्या गॅसवर दर दोन महिन्यांनी चार लिटर बिअर करतो, हे मी नागपूरच्या धरमपेठेत सकाळी सोबत फिरणाऱ्या मंडळींना सांगितले, तेव्हा त्यांतल्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी खऱ्या काळजीने विचारले, "अहो, पण भट्टी लावतो तरी कुठे तो?" भट्टी लावावीच लागत नाही. गाळणे म्हणजे आंबवलेला द्रव तापवून त्यातली वाफ वेगळी धरणे. शुद्ध मद्यार्क 78 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो आणि पाणी त्याच्या बरेच वर, त्यामुळे आधी निघालेल्या वाफेत मद्यार्काचे प्रमाण जास्त असते. बिअरमध्ये ही पायरीच नाही. यीस्ट या आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवाने जेवढा मद्यार्क तयार केला तेवढाच, म्हणजे साधारण चार ते सहा टक्के, तसाच प्यायचा असतो. नात्याने पाहिले तर बिअर ही मोहाच्या दारूपेक्षा आंबिलीला जवळची आहे.

दुसरी भीती विषाची. 2015 साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, आणि तेव्हापासून 'घरी केलेली' हे विशेषण ऐकले की माणसे मागे सरकतात. त्या दुर्घटनेचे कारण मिथेनॉल होते. अशा दुर्घटनांत मिथेनॉल बहुधा उद्योगातून चोरवाटेने येते आणि नफ्यासाठी दारूत मिसळले जाते. धान्य आंबवताना मिथेनॉल नगण्य प्रमाणात तयार होते, कारण ते मुख्यतः फळांच्या सालीतील पेक्टिनपासून निघते आणि सातूत पेक्टिन फारसे नसते. घरची बिअर बिघडली तर ती आंबट होते, वास मारते किंवा बाटली फोडते. अमेरिकेतही कायद्याने मुभा दिली ती केवळ घरी आंबवण्याला, गाळण्याला नव्हे.

कायद्याचा विषय निघाला आहे तर तोही आधीच सांगून टाकतो. ब्रिटनने घरगुती बिअरसाठीची परवान्याची अट 1963 साली काढली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी 1978 साली सही केलेल्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे सुमारे 757 लिटर बिअर स्वतःपुरती करण्याची मुभा मिळाली, तरी अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी ती 2013 पर्यंत दिली नव्हती. महाराष्ट्रात मात्र 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, आणि छंद म्हणून केले तरी त्यातून सूट नाही. शेजारच्या वर्ध्यात तर संपूर्ण जिल्ह्यातच दारूबंदी आहे. म्हणून या लेखातली बिअर भाच्याच्या ओट्यावर शिजते, आणि नागपूरचा उल्लेख येतो तो तापमानाच्या निमित्ताने. तापमानाबद्दल दोन शब्द बोलण्याचा अधिकार आपल्या शहराला निश्चितच आहे.

घरगुती बिअरचे रूढ माप पाच गॅलन, म्हणजे 19 लिटर आहे. त्यासाठी लग्नघरात शोभेल असे पातेले, वेगळी शेगडी आणि दोन धडधाकट माणसे लागतात. चार लिटरचे काम आठ-नऊ लिटरच्या पातेल्यात, नेहमीच्या गॅसवर, एकटा माणूस एका दुपारी करू शकतो. बिघडलेले चार लिटर मोरीत ओतताना मन थोडे दुखते. 19 लिटर ओतायला काळीज घट्ट लागते, आणि मग माणसे बिघडलेली बिअर 'मुरली की होईल बरी' म्हणून महिनोन्महिने सांभाळत बसतात. शिकणाऱ्याने लहान माप धरावे आणि जास्त वेळा करावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

सामग्री चारच वस्तूंची: पाणी, मोड आणलेला सातू, हॉप्स नावाची फुले आणि यीस्ट. सातू म्हणजे जव. विदर्भात हा खुलासा करावाच लागतो, कारण आपल्याकडे 'जव' म्हटले की ऐकणाऱ्याला जवसाची चटणी आठवते. जवस हे तेलबी आहे आणि त्याचा इथे काही संबंध नाही.

आता मूळ अडचण समजून घेऊ. यीस्ट साखर खाते, पिष्ट खात नाही. मोहफुलात, द्राक्षात किंवा उसाच्या रसात साखर तयारच असते, त्यामुळे ती नुसती ठेवली तरी आंबू लागतात. सातूत साखर जवळजवळ नसते. असते ते पिष्ट, म्हणजे साखरेच्या हजारो मण्यांची लांब माळ. ती माळ तोडल्याशिवाय यीस्टच्या तोंडी काही लागत नाही, आणि बिअरची निम्मी कारागिरी या तोडण्यातच आहे. तोडण्याची हत्यारे दाण्याने स्वतःच तयार करायची असतात. ज्या घरात बाळासाठी नाचणीचे सत्त्व झाले आहे त्या घराला ही युक्ती नवी नाही: नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, हलकी भाजायची आणि दळायची. मोड आलेल्या नाचणीची पेज साध्या पिठाच्या पेजेपेक्षा पातळ आणि गोडसर होते, याचे कारण अंकुर फुटताना दाण्यात अमायलेज नावाची विकरे तयार होतात आणि ती पिष्ट तोडू लागतात. सातूवर हेच संस्कार केले की त्याला मॉल्ट म्हणतात. भाजणी किती कडक यावर बिअरचा रंग ठरतो. सोनेरी बिअरचा दाणा फिकट असतो आणि काळ्या स्टाउटमध्ये कॉफीसारखा करपवलेला थोडा दाणा मिसळलेला असतो.

चार लिटरसाठी भाचा सुमारे एक किलो मॉल्ट भरडून घेतो. भरड म्हणजे पीठ नव्हे. टरफल शाबूत राहिले पाहिजे, कारण पुढे तेच गाळणीचे काम करते. हा भरडा तो तीन लिटर गरम पाण्यात कापडी पिशवीत सोडतो आणि 66 अंशांच्या आसपास तासभर झाकून ठेवतो. या पायरीला मॅशिंग म्हणतात. पातेल्यावर तो आईने शिवलेली गोधडी गुंडाळतो. विकत मिळणारी आवरणे आहेत, पण गोधडी त्यांच्यापेक्षा सरस ठरते, असा त्याचा अनुभव आहे.

हे 66 अंश कुठून आले? मॉल्टमध्ये दोन विकरे मुख्य असतात. बीटा-अमायलेज माळेच्या टोकाकडून दोन-दोन मणी काढत जाते. त्या जोडीला माल्टोज म्हणतात आणि ती यीस्टला फार आवडते. अल्फा-अमायलेज माळ मधूनच कुठेही तोडते, त्यामुळे लहान तुकड्यांबरोबर यीस्टला न पचणारे मोठे तुकडेही मागे राहतात. पहिले विकर 60 ते 65 अंशांत जोरात असते आणि 70 अंशांकडे लवकर निकामी होते. दुसऱ्याला 70 च्या आसपासची उष्णता मानवते. म्हणून 63-64 अंशांवर शिजवलेली बिअर हलकी आणि कोरडी लागते, तर 69 अंशांवरची तोंडात भरीव लागते. पाच अंशांत चव बदलते, आणि म्हणूनच या छंदात पहिली खरेदी चांगल्या थर्मामीटरची करावी.

भरडा टाकताच पाणी थंड होते, त्यामुळे ते आधी थोडे जास्त तापवावे लागते. भरडा 20 अंशांवर असेल तर तिप्पट पाणी 72 अंशांना तापवले की मिश्रण 66 ला स्थिरावते. नागपूरच्या मे महिन्यात डब्यातला दाणाच 40 अंशांवर असतो; तिथे तेच पाणी 70 च्या किंचित खाली पुरेल. परदेशी पुस्तकातला आकडा डोळे मिटून घेतला तर इथे मॅश नेमका त्या नाजूक पट्टीच्या वरच्या टोकाला जाऊन बसेल.

थर्मामीटर खरा आहे का, हे तपासण्याची सोपी रीत म्हणजे तो उकळत्या पाण्यात धरणे. मात्र नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंचीवर असल्याने आपल्याकडे पाणी 99 अंशांना उकळते. तिथे 100 दिसले तर उपकरण एक अंश पुढे आहे असे समजावे. उपकरणावर आंधळा विश्वास ठेवू नये हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. मे 2024 च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले, देशभर बातम्या झाल्या, आणि मग सेन्सर बिघडल्याचा खुलासा हवामान खात्याने केला.

तासाभराने भरड्याची पिशवी उचलून निथळायची आणि वरून गरम पाणी फिरवून उरलेली साखर धुऊन घ्यायची. खाली जो गोड, चिकट, बिस्किटाच्या वासाचा काढा जमतो त्याला वर्ट म्हणतात. पिष्ट संपले की नाही हे पाहायला शाळेतली आयोडीनची परीक्षा पुरते: बशीत काढलेल्या थेंबाला निळा-काळा रंग आला नाही तर काम झाले.

वर्ट तासभर उकळायचा असतो, आणि झाकण न ठेवता. मॉल्टमधल्या एका गंधकयुक्त द्रव्यापासून उष्णतेने डायमिथाइल सल्फाइड तयार होते, त्याला उकडलेल्या पानकोबीसारखा वास असतो, आणि तो वाफेबरोबर बाहेर गेलाच पाहिजे. या तासात दीड-दोन लिटर पाणी उडून जाते, म्हणून सुरुवातीला वर्ट सहा लिटरच्या आसपास लागतो. याच वेळी हॉप्स पडतात. हॉप्स ही एका वेलीची शंकूसारखी मादी फुले असून ती वेल भांगेच्या कुळातली आहे, मात्र तिच्यात भांगेची नशा नाही. आपल्या देशात हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात तिची शेती होते. फुलातल्या पिवळ्या रजात अल्फा आम्ले असतात. ती पाण्यात नीट विरघळत नाहीत, पण उकळताना त्यांची रचना बदलते, ती विरघळतात आणि कडू होतात. म्हणून कडूपणासाठीची फुले सुरुवातीलाच टाकतात आणि सुगंधासाठीची शेवटच्या पाच मिनिटांत, कारण सुगंधी तेले उडून जातात. घरोघर वरणात सांबार, म्हणजे कोथिंबीर, शेवटीच घालतात, तसेच. चार लिटरला पाच ते सात ग्रॅम पुरतात. भाचा 'कॅस्केड' जातीची फुले वापरतो, जी ओरेगॉनमध्येच विकसित होऊन 1972 साली प्रसारित झाली आणि जिच्या वासात लिंबूवर्गीय सालीची झाक आहे. हॉप्स काही जिवाणूंनाही रोखतात, आणि बिअर टिकते त्यात त्यांचा मोठा हात आहे.

उकळी थांबली की वेळेशी शर्यत सुरू होते. गोड, कोमट काढा हे जिवाणूंसाठी आयतेच ताट असल्याने वर्ट 99 अंशांवरून 20 अंशांपर्यंत अर्ध्या तासात आणायचा असतो. भाचा पातेले बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवतो. नागपुरात एप्रिलपासून टाकीचे पाणी दुपारी हात लावू देत नाही, तेव्हा इथे बर्फाला पर्याय नसता. यापुढे वर्टला लागणारी प्रत्येक वस्तू, बरणी, नळी, चमचा, नुसती घासलेली चालत नाही. ती जंतुनाशक द्रावणात बुडवलेली असावी लागते. या छंदातले बहुतेक अपयश पाककृतीत नसून न दिसणाऱ्या ओरखड्यात लपलेले असते, म्हणून मी प्लास्टिकपेक्षा काचेच्या बरणीच्या बाजूचा आहे.

इथपर्यंत माणसाने जे केले ते बिअर नव्हे. तो गोड-कडू काढा आहे. बिअर करणारा जीव यापुढे येतो. बव्हेरियात 1516 साली निघालेल्या प्रसिद्ध हुकमात बिअरसाठी सातू, हॉप्स आणि पाणी एवढेच नमूद होते, यीस्ट हा जीव आहे हे तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हते. एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवण्याची रीत डेन्मार्कमध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सन यांनी 1883 साली बसवली. आज सुके यीस्ट पाकिटात मिळते. 20 लिटरसाठीच्या साडेअकरा ग्रॅमच्या पाकिटातले अडीच-तीन ग्रॅम आपल्या चार लिटरला पुरतात.

रसायनशास्त्र सरळ आहे: 180 ग्रॅम ग्लुकोजपासून 92 ग्रॅम मद्यार्क आणि 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. चार लिटरच्या पाच टक्के बिअरमध्ये हा हिशेब मांडला तर दीडशे ग्रॅमहून जास्त, म्हणजे 80 लिटरच्या वर वायू बाहेर पडतो. एवढ्याशा बरणीतून इतका वायू निघत असेल तर तिचे झाकण घट्ट लावणे म्हणजे स्फोटाची तयारी. म्हणून तोंडाला एअरलॉक लावतात, ज्यातल्या वळणदार नळीत थोडे पाणी असते. वायू बुडबुड करत बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. दुसऱ्या दिवशी हा आवाज इतका जोरात असतो की भाच्याने पहिल्या खेपेला रात्री दोनदा उठून पाहिले होते.

आता नागपूरचा प्रश्न. एल जातीच्या बिअरचे यीस्ट 18 ते 22 अंशांत समाधानी असते. लागर जातीचे 8 ते 13 अंशांत. आंबताना उष्णता निर्माण होते, त्यामुळे बरणीच्या आतले तापमान खोलीपेक्षा काही अंश जास्तच असते. तापमान 30 च्या वर गेले तर नेहमीचे यीस्ट मरत नाही, उलट जोमाने काम करते, पण त्या घाईत जड मद्यार्क आणि एस्टर जास्त तयार होतात. बिअरला पिकलेल्या केळ्याचा किंवा नेलपॉलिशसारखा वास येतो. मे महिन्यात 45 अंश पाहणाऱ्या शहरात हे कसे निभावे?

उत्तर आपल्या खिडकीत बसलेले आहे. कोरड्या हवेच्या देशांतले छंदिष्ट बरणी पाण्याच्या टबात ठेवतात, तिच्यावर सुती फडके असे गुंडाळतात की त्याचे टोक पाण्यात बुडून राहील, आणि समोर पंखा लावतात. हा बरणीसाठी केलेला कूलरच आहे, किंवा अधिक जुने उदाहरण द्यायचे तर माठ. पाणी उडताना उष्णता ओढून नेते, पण ही थंडाई एका मर्यादेपर्यंतच जाते, आणि ती मर्यादा म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरवर दिसणारा आकडा. बाहेर 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल तर हा आकडा सुमारे 23 अंश येतो. म्हणजे ऐन मे महिन्यात ओले फडके बरणीला एलच्या पट्टीच्या जवळ आणून ठेवू शकते, निदान कागदावर. जुलैत बाहेर फक्त 32 अंश असतात, पण आर्द्रता 80 टक्क्यांवर गेली की तोच आकडा 29 वर अडकतो, आणि फडके कितीही ओले केले तरी उपयोग होत नाही. पावसाळ्यात आपला कूलर नुसती दमट हवा का फेकतो, याचेही कारण हेच. तेव्हा या शहरातला सर्वांत वाईट ऋतू बिअरच्या दृष्टीने उन्हाळा नसून पावसाळा ठरतो, मला हा निष्कर्ष अनपेक्षित वाटला आणि मी तो भाच्याला फोनवर सांगितला, तेव्हा तो म्हणाला, "मामा, म्हणूनच लोक जुना फ्रिज आणि थर्मोस्टॅट घेतात." त्याचे खरे आहे, पण त्यात गंमत कमी आहे. डिसेंबर-जानेवारीत मात्र उत्तरेकडच्या खोलीतला सिमेंटचा गारवा एल यीस्टला काहीही न करता मानवेल असा असतो.

आणखी एक वाट यीस्टच बदलण्याची. नॉर्वेच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लाकडी कड्यांवर वाळवून जपलेले 'क्वाइक' नावाचे यीस्ट 35 अंशांच्या पुढेही वास न बिघडवता, तेही तीन-चार दिवसांत, काम उरकते. नागपूरच्या हवेला चालणारे यीस्ट नॉर्वेत सापडावे, ही मौज आहे.

आंबणे संपले हे बुडबुडे थांबल्यावरून ठरवू नये. त्यासाठी हायड्रोमीटर लागतो. काचेची ही नळी द्रवात तरंगते आणि द्रव जितका गोड तितकी वर राहते. द्रव पाण्याच्या किती पट जड आहे हे ती सांगते: पाण्यात ती 1.000 दाखवते, उसाच्या ताज्या रसात 1.070 च्या वर जाते. वर्ट 1.050 वरून 1.010 वर आला, तर फरकाला 131 ने गुणले की मद्यार्काची टक्केवारी मिळते, इथे सव्वापाच. उपकरण बहुधा 20 अंशांसाठी आखलेले असते. 40 अंशांच्या द्रवात ते सहा हजारांश कमी दाखवते, म्हणून नमुना थंड करून मापावा.

लागोपाठ तीन दिवस आकडा हलला नाही तरच बाटल्या भराव्यात. बिअरला फेस यावा म्हणून भरताना लिटरमागे सहा ग्रॅम साखर उकळून मिसळतात. उरलेले यीस्ट ती खाते आणि या वेळी वायू बाटलीतच कोंडला जातो. साखर दुप्पट पडली किंवा आंबणे अर्धवट असताना बूच लावले, तर बाटली फुटते, आणि काचेचे तुकडे डोळ्यांत जाऊ शकतात. 20 अंशांवर निर्धोक असलेल्या बाटलीतला दाब 45 अंशांच्या खोलीत जवळजवळ दुप्पट होतो, कारण गरम द्रवात वायू विरघळून राहत नाही. बाटल्या जाड आणि तपकिरी काचेच्या असाव्यात. प्रकाशाने हॉप्समधली कडू द्रव्ये मोडून असह्य दुर्गंधी सुटते.

गेल्या हिवाळ्यात भाच्याने बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर केली. तिच्यात उकळीच्या शेवटी कुटलेले धने आणि संत्र्याची साल पडते. तिकडे कडू संत्र्याची साल वापरतात. त्याने माझ्या बहिणीने वाळवून दिलेली नागपुरी संत्र्याची साल वापरली, आतला पांढरा भाग चाकूने खरवडून, कारण तो राहिला तर हॉप्सपेक्षा वेगळा, जिभेला चिकटणारा कडवटपणा येतो. चार लिटरला सहा-सात ग्रॅम साल पुरली. तीन आठवडे बाटल्या अंधाऱ्या कपाटात उभ्या ठेवल्या, मग दोन दिवस फ्रिजमध्ये. ओतताना बाटली एकदाच तिरपी करायची, मध्येच सरळ करायची नाही, आणि शेवटचे बोटभर तळाशी सोडायचे. तिथे यीस्टचा पांढरट गाळ बसलेला असतो.